गोधडीची किल्ली सूनबाईंकडे

मी, जुने संगणक दुरुस्त करणारा, वय एकाहत्तर, शिक्षण सातवीपर्यंत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि शुद्धीत लिहीत आहे. शुद्धीबद्दल डॉक्टरीणबाईंचा दाखला जोडला आहे. एक हरवला तर म्हणून दोन जोडले आहेत. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट घरातले नकोच म्हणत होते. आधीची चार मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. राहते घर मुलाला. गच्चीच्या दाराची कडी लावल्यावर पुन्हा एकदा ओढून बघावी.

२. दुकान व हत्यारे सूनबाईंना. समोरचा घड्याळजी साक्षीदार असल्याने त्याला काही देता येत नाही. माझा बारीक स्क्रूड्रायव्हर मात्र त्याने परत करावा.

३. गोधडी. हे अंथरूण नव्हे. लिनक्स ही संगणकप्रणाली कोणीही फुकट घ्यावी, हवी तशी बदलावी. तिचा पडदा, मेनू, खिडक्या आपल्या सोयीने जुळवून ठिकठिकाणचे लोक तिचे वेगवेगळे अवतार काढतात. गोधडी हा आमचा अवतार, लोकांनी टाकून दिलेल्या संगणकांसाठी. आम्ही सहा जण ती करतो. सूनबाई सोडल्या तर बाकीच्यांना मी कधी पाहिलेले नाही.

हे अवतार ज्या मूळ प्रकल्पाच्या यादीत असतात, त्याचा नियम असा की, प्रत्येक अवतार कोणीतरी खऱ्या संगणकावर चढवून बघावा आणि ठरल्या दिवशी दुपारी बाराच्या आत अहवाल पाठवावा. अहवाल नाही, तर अवतार यादीतून बाद. तीन वर्षांपूर्वी मी एकोणीस वेळा तपासले. संगणक झोपवून उठवला की आवाज जायचा. तो दोष निघेपर्यंत पाठवू कसे, म्हणून थांबलो आणि बारा वाजून गेले. यादीवाल्यांनी लिहिले, ‘कोणीही तपासले नाही.’ हे खोटे आहे व मी ते मरेपर्यंत खोटेच म्हणणार. यादीबाहेर राहूनही आम्ही गोधडी काढत राहिलो.

यंदा सूनबाईंनी अर्ज करून आम्हाला परत घ्यायला लावले. तेव्हा यादीवाल्यांनी कळवले, तुमचे वय पाहता सहीची किल्ली आमच्याकडे सोपवा. ही किल्ली म्हणजे एक गुप्त फाइल. तिची सही नसेल तर लोकांचे संगणक नवी गोधडी घेत नाहीत. मुलगा म्हणाला, “देऊन टाका, बाबा. भंगारासाठी किती जीव जाळायचा?”

देणार नाही. किल्लीचे दोन्ही पेनड्राइव्ह, चहाच्या डब्यातला आणि तो हरवला तर म्हणून शिवणाच्या डब्यातला, सूनबाईंना. मेनूतला शब्द न् शब्द त्यांनी आपल्या भाषेत आणला आहे. यादीवाल्यांनी त्यांचे वय विचारू नये.

४. दुकानातल्या तीन नंबरच्या संगणकाला मुलाने हात लावू नये. तपासणी त्याच्यावरच होते.

५. यंदाही आवाज जातो. आज सकाळी मी पुन्हा थांबलो होतो. सूनबाई म्हणाल्या, “बाबा, आवाज जातो, तर जातो असंच लिहा ना. तपासलंय हे तर खरं आहे.”

तसेच लिहिले. पुढेही तसेच लिहावे.

साक्षीदार: समोरचा घड्याळजी (सही), डॉक्टरीणबाई (सही)

माझी सही: दोनदा केली आहे, पहिली हलली. दोन्ही माझ्याच.

स्थळ: दुकानाची मागची खोली.
दिनांक: तपासणीचा शेवटचा गुरुवार, सकाळी अकरा. अहवाल गेला आहे. पोचला का, ते तीनदा पाहिले.