लुगड्याचा रंग

बाबूजी, इथूनच तुमच्या पाया पडते.

मी बरी आहो, जेवण चांगलं भेटते. मायचा गुडघा कसा आहे?

शेवटच्या वर्षाच्या ॲनिमेशन फिल्मसाठी माझ्या तीन गोष्टी सरनं नाकारल्या. चौथी सुचेना, तर घाबरून भर वर्गात तुमचीच सांगून बसली. लग्नाआधी तुम्ही बिरसी गावच्या दंडारीच्या खेळात बाई होऊन नाचत होते, अन् आज्यानं तुमचं लुगडं चुलीत टाकलं. सर म्हणाले, हीच कर.

हे मले मायनं सांगितलं होतं. तिच्यावर रागावू नका. तुम्हाले न विचारता मी बोलली. फोनवर सांगायची हिंमत नाही.

महिनाअखेरी सरले पक्कं सांगा लागते. चित्रं काढून झाली, लुगडं तेवढं कोरं ठेवलं आहे. नाही म्हणायचं असेल तर काहीच लिहू नका. हो असेल तर फक्त त्याचा रंग कळवा.

तुमची वाट पाहणारी,
भूमेश्वरी