दोर धरला नाही

डब्लिन, ओहायो
शनिवार संध्याकाळ

प्रिय आई,
तुला आणि बाबांना जयभीम. मी बरा आहे, थंडी सोसते, जेवणही वेळेवर होतं. तुझा गुडघा कसा आहे? तेल लावतेस ना?

आज मॅनेजरसोबत शिकारीला जंगलात गेलो होतो. रागावू नकोस, बंदुकीला मी हात लावला नाही. ऑफिसात माणसं कमी करणं चालू आहे, अशात साहेबाला नाही कसं म्हणू? हरीण त्यानेच मारलं.

मग त्याने हरणाच्या शिंगांना दोर बांधला, टोक माझ्यापुढे धरलं आणि म्हणाला, "चल, ओढ. गाडी जवळच आहे." इथे सगळे तसंच नेतात, त्याच्या मनात काही नव्हतं. पण मला आजोबा दिसले. गावातली मेलेली ढोरं ओढणार नाही म्हणाले, म्हणून गाव सोडावं लागलं होतं त्यांना. माझा हात पुढे होईचना. मी म्हटलं, "ओढणार नाही. तुकडे कर, पाठीवर नेतो."

आधी तो हसला, मग हसायचा थांबला. मी दोन खेपा केल्या. मांस अजून कोमट होतं, कोटातूनही पाठीला जाणवत होतं. परतताना गाडीत त्याने रेडिओ मोठ्याने लावला. त्याला हे सगळं कुठून सांगायला घेऊ, आई?

दीक्षाताईचं बाळ चालायला लागलं का?

मी दोर धरला नाही, एवढं बाबांना सांग. सोमवारी ऑफिसात जायची धास्ती वाटते, ते मात्र सांगू नकोस.

तुझाच,
प्रफुल्ल