अर्थिंगला पाणी

४ मे
लखनऊला पोचलो. चारबाग स्टेशनवर इंद्रजित भैया स्कूटर घेऊन आला होता. ठेकेदार तोच, दुकान तेलीबागेत. माझी हिंदी ऐकून हसला, म्हणाला, यार, तू तर मराठीतच हिंदी बोलतोस. मी म्हणलं, वायरला भाषा कळत नाही. खूश झाला. वायर कंपनीची डायरी फुकट दिली, तिच्यातच लिहितोय. शाळा आठवीत सोडली, पण लिहायची खोड सुटली नाही.

आईला फोन लावला. पुणे सोडलं, सुरत सोडलं, भोपाळ सोडलं, आता हे एक काम तरी पुरं करूनच हल, म्हणाली. शपथ घातली. म्हणलं, बरं. अलीगंजात एका मराठी म्हातारीच्या घराची सगळी वायरिंग नवी करायची आहे. तिला मराठीच मुलगा पाहिजे होता. राहायचं-जेवायचं तिथेच. भैया म्हणाला, खाना भी मिलेगा, डाँट भी.

५ मे
म्हातारीचं नाव यमुना काकू. मूळच्या अमरावतीच्या. नवरा रेल्वेत इंजिनियर होता, तो वारल्यावरही इथेच राहिल्या, एकट्या. आल्या आल्या पिठलं-भाकरी वाढली. किती दिवसांनी पोटाला बरं वाटलं.

घर जुनं पण थंड आहे. अंगणावर, गच्चीवर, खिडक्यांना, सगळीकडे लोखंडी जाळी, कारण इथे माकडांचा लई त्रास. पुढे ओढायचं चॅनल गेट, त्याची किल्ली काकूंच्या कमरेला. मधल्या खोलीच्या खिडकीत पत्र्याचा भलामोठा कूलर, त्याखाली निळ्या रबरी चपला. इकडे प्रत्येक कूलरपाशी चपला असतातच. पत्र्यात करंट उतरतो, म्हणून पाणी भरायला अनवाणी कोणी जात नाही. मी त्या पायात सरकवायला गेलो तर काकू म्हणाल्या, त्या नको रे, ऋषभच्या आहेत. मी माझे जाड तळाचे बूटच पायात ठेवले.

शेजारच्या छतावर माकडंच माकडं. आपल्या जाळीवर एकही नाही. काकूंचं नशीब.

७ मे
नवा बोर्ड बसवला. अर्थिंगचा खड्डा मागच्या अंगणात आधीच्या पोरानं करून ठेवलाय. तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ, वर लोखंडी झाकण. जमीन वाळली की अर्थिंग मरतं, म्हणून उन्हाळ्यात त्यात पाणी ओतावं लागतं. काकू रोज संध्याकाळी बादली ओततात, चुकवत नाहीत. पाणी आत जाताना कोणी घोट घेतल्यासारखा आवाज येतो.

बोर्डाजवळ खुर्ची टाकून काकूंनी सगळं विचारून घेतलं. मलाही चेव आला. म्हणलं, ही एमसीबी वायर वाचवते आणि ही मोठी ईएलसीबी माणूस वाचवते. जेवढा करंट घरात गेला तेवढाच परत आला पाहिजे. जरा कमी आला, म्हणजे तो कोणाच्या तरी अंगातून जमिनीत चाललाय, की ही सगळं घर बंद करते. काकूंनी विचारलं, आणि जमिनीत गेला त्याचं काय? म्हणलं, तो गेला, काकू. परत पाहिजे असेल तर तेवढ्याच मापाचा दुसरा खाली घालावा लागेल. मी चेष्टेनं म्हणलं. त्या हसल्या नाहीत.

९ मे
ईएलसीबी पडते, सगळं घर बंद. ऊन चढलं की पडते. फॉल्ट शोधायची रीत एकच, एकेक लाईन काढून बघायची. तशी काढली. शेवटी सगळ्याच काढल्या, फेज-न्यूट्रल दोन्ही, घरात एक दिवासुद्धा जोडलेला नाही. तरी पडली. रिकाम्या माठातून पाणी गळावं तसं झालं. दुसरी नवी आणून लावली, तीही तशीच.

काकू म्हणाल्या, त्याला तहान लागली असेल. बादली घेऊन मागं गेल्या. पाणी ओतलं आणि ईएलसीबी टिकली.

१० मे
शेजारच्या नीलम भाभी भिंतीवरून बोलल्या. ऋषभ काकूंचा एकुलता एक. माझ्याच वयाचा. मागे एका मे महिन्यात अनवाणीच कूलरमध्ये पाणी भरायला गेला, पत्र्यालाच चिकटून राहिला. चपला पायाशीच होत्या. गेल्या उन्हाळ्यात काकूंनी एक वायरमन ठेवला होता, तो अर्धं काम टाकून पळाला. भाभी म्हणाल्या, तुम लोग टिकते कहाँ हो, भैया. वर हसल्या. उद्या मुलांना घेऊन माहेरी चालल्यात, सुट्टी संपेपर्यंत.

११ मे
वैतागलो. भैयाला फोन केला. म्हणाला, अरे डायरेक्ट कर दे, यार, आधा शहर डायरेक्ट पे है. ईएलसीबीच्या वरून वायर टाकली, आता ती बोर्डावर नुसती नावाला. सगळे वायरमन करतात. आता काही पडणार नाही, लवकर सुटीन.

काकू लई खूश. विचारलं, आता कोणी अडवणार नाही ना त्याला? मला वाटलं, करंटला. म्हणलं, नाही.

१३ मे
काकूंनी ऋषभचा शर्ट दिला. नको म्हणलं तरी घालायला लावला. खांदे बरोबर, बाह्या बरोबर. काकू बघतच राहिल्या.

सकाळी फरशीवर ओल्या पावलांची रांग होती. अनवाणी. कूलरपासून खड्ड्यापर्यंत. परतीची नाही. काकू तर तेव्हा निजलेल्या.

जाळीला टेस्टर लावला. पेटला. जाळीत करंट आहे, माकडांना आधीच माहीत होतं.

१४ मे
पोटमाळ्यावर केबलचा तुकडा शोधताना एक पिशवी सापडली. पक्कड, टेस्टर, पेचकस, सगळं आत. पळून जाणारा वायरमन कपडे सोडेल, मजुरी सोडेल. पक्कड सोडत नाही.

शिडीखाली काकू उभ्या होत्या. पिशवी बघून आपणहून म्हणाल्या, त्याला ऋषभचा शर्ट ढगळ व्हायचा. तेवढ्यानं भागलं नाही.

१५ मे
सामान बांधलं. आईची शपथ गेली खड्ड्यात. किल्ली मागितली. काकूंनी लगेच काढून दिली.

कुलपाला किल्ली लागली आणि मी मागे फेकलो गेलो. हात अजून वळत नाही.

मेन बंद केलं. मीटरचे फ्यूज उपसले. टेस्टर लावला — गेटवर पेटला, जाळीवर पेटला, नळावरसुद्धा. काकू आल्या, अनवाणी, गेट हातानं पुसलं. म्हणाल्या, धूळ फार बसते.

ईएलसीबी परत जोडावी म्हणलं. बोर्डावर तिची जागा रिकामी, काकूंनी काढून टाकली. माझे बूटही त्यांनी बादलीत भिजत घातलेत. जाड तळाचे होते, करंट अडवायला तेवढेच होते.

भैयाला फोन केला. म्हणाला, फिर भागने का बहाना. हसला आणि ठेवला. बॅटरी संपली.

लई ओरडलो. भाभींच्या घराला कुलूप.

१६ मे
मागच्या अंगणात लाकडी स्टुलावर बसून लिहितोय. लाकूड कोरडं आहे.

फरशीवर आज परतीची पावलं आहेत. खड्ड्यापासून आतपर्यंत.

मेन बंद. कूलर चालू आहे.

आई, मी पळालो नाही. सगळे तेच म्हणतील. भैया म्हणेल, भाग गया. कोणी बघायलाही येणार नाही. मी इथेच —

खड्ड्याचं झाकण उघडं. पाणी वर येतंय. काकूंनी ओतलं तेवढं सगळं परत येतंय. स्टुलाचे पाय बुडाले.

काकू पाण्यात उभ्या. म्हणतात, बाळा, कूलरमध्ये पाणी भरायचंय, ऊन झालं. रोजच्यासारखंच म्हणतात.

निळ्या चपला तरंगत आल्या. स्टुलापाशी थांबल्या. तोंडं माझ्याकडे.

रबर आहे. रबरातून करंट जात नाही. घरातून पुढच्या गेटपर्यंत पंधरा-वीस पावलं. ऋषभनं घातल्या असत्या तर वाचला असता. मी घालतो.

एक घातली. बरोबर मापाची. आतून गार —

दुसरी. आता गेट. मग स्टेशन, आई, मी येतो —

पाय गेटकडे वळत नाहीत. मी वळवतोय तरी खड्ड्याकडेच —

काकू आतल्या खोलीत बघून म्हणतायत, आलास का रे. माझ्याकडे बघत नाहीत. आत कोण

पेन ओलं झा