कापडाची आई

शिरूर कासार,
४ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. करिष्मा हिला आबाचा पोटभर आशीर्वाद. रामेश्वररावांना नमस्कार, वैष्णवीच्या दोन्ही गालांचे पापे.

इकडं सगळं ठीक. उडीद निघाला. गुडघे कुरकुरतात, पण जेवायला बोलावलं की बरोबर चालतात.

परवा तुझा फोन आला, "आबा, दसऱ्यानंतर आमी ऊसतोडीला निघतो. वैष्णवीला तुमच्यापाशी ठेवते." मी हो म्हणालो खरा, पण तेव्हापासून अन्न गोड लागेना. बोलायला जीभ रेटत नाही, म्हणून लिहितो.

मी शाळेचं तोंड बघितलं नाही. ऊसतोडीच्या कोपीवर, त्या पाचटाच्या झोपडीत, किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचत अक्षर शिकलो. काल वाचनालयात एक फाटकं पुस्तक सापडलं. त्यात एका प्रयोगाची हकीकत होती. सत्तरेक वर्षांमागं अमेरिकेतल्या एका शास्त्रज्ञानं माकडाची तान्ही पिल्लं आईपासून तोडली आणि त्यांना दोन खोट्या आया दिल्या. एक तारेची, तिच्या छातीशी दुधाची बाटली. दुसरी मऊ कापडाची, पण दूध नाही. मोठमोठे विद्वान म्हणायचे, लेकरू दुधासाठी आईला चिकटतं. पिलू काय करायचं? भूक लागली की तारेवर जाऊन दूध प्यायचं, आणि लगेच परत कापडाकडं. दिवसचे दिवस तिलाच बिलगून. भ्या दाखवणारं खेळणं पुढं आणलं की पळत जाऊन कापडात तोंड खुपसायचं, आणि मग धीट होऊन तिथूनच त्या खेळण्याकडं बघायचं!

पुस्तक मिटलं. मुक्या जनावरानं केवढ्या विद्वानांना शहाणं केलं! त्या पिल्लांचे हाल झाले, ते वाईटच. पण करिष्मा, असला प्रयोग आपल्याही घरात झालाय. करणारा मी.

तू तीन वर्षांची होतीस. तुला आजीपाशी ठेवून आम्ही तोडीला निघालो. ट्रक दारात उभा. आईच्या लुगड्याची गोधडी पांघरून तू झोपली होतीस. कोपीत थंडी लई, म्हणून मी ती तुझ्या अंगावरून ओढून घेतली आणि बाजारातलं नवं ब्लँकेट टाकलं. मला वाटलं, पोरीला चांगलीच वस्तू दिली. पंधरा दिवसांनी आजीचा निरोप आला, "पोर दूध पितीय, पण भिंतीकडं तोंड करून बसतीय." मी म्हणालो, "कावून? ब्लँकेट काय चावतंय का तिला?" तुझी आई त्या दिवशी जेवली नाही.

मोठी झाल्यावर तू तिला टोचायचीस, "मला टाकलंस ते टाकलंस, माझी गोधडी पण नेलीस!" ती मान खाली घालून भाकरी थापायची. मी ओसरीवर बसून ऐकायचो. एकदाही म्हणालो नाही, "तिनं न्हाई, मी नेली." ती देवाघरी गेली, तरी तुझ्या मनातली अढी गेली नाही. ती आता काढ, माय. धरायची तर माझ्यावर धर.

आणि वैष्णवीला इथं ठेवू नकोस. दूध मी वेळेवर पाजीन, पण तुझ्या अंगाचा वास कुठून आणू? कोपीवर पुन्हा पाय ठेवणार नाही, असं तुझ्या आईच्या दहाव्याला बोललो होतो. ते मोडतो. टोळीच्या मुकादमाला सांग, नवरा-बायकोची जोडी म्हणजे कोयता एकच, मजुरी तेवढीच, पण सोबत एक म्हातारा येतोय. तुम्ही उसाच्या फडात असाल तोवर पोरगी मी सांभाळीन. मोळ्या टाकून आलीस की ती तुझ्याच कुशीत.

ट्रकमध्ये या म्हाताऱ्याला जागा द्यायची का नाही, ते तूच ठरव.

चोवीस वर्षं तुझ्या आईच्या मुकेपणाआड लपलेला,
तुझा बाप
भगवान