पुसून टाकते म्हणाल्या

गुरुवार, संध्याकाळ. गोखिवरे.

आज आमच्या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर चांदीपहून एका बाईंचा फोन आला. सातवीतल्या भाचीला कोणी अनोळखी माणूस मोबाईलवर धमकावतोय, आणखी फोटो पाठव म्हणून. बाई म्हणाल्या, "मी सगलं पुसून टाकते. कोनाला दिसायला नको."

मी नेहमीच्या आवाजात सांगितलं, काही पुसू नका, पुरावा लागेल, कोणाला पाठवू नका, त्याला उत्तर देऊ नका. त्यांनी त्याच्या खात्याचं नाव वाचून दाखवलं. मी तक्रार नोंदवून सायबर पोलिसांकडे पाठवली. पुढचं आम्हाला सहसा कळत नाही. याची सवय झाली आहे. झाली आहे ना?

पण ते पुसून टाकणं डोक्यातून जात नाहीये. त्या माणसाची नव्हे, त्यांना भावाची, म्हणजे पोरीच्या बापाची, धास्ती होती. "त्याला कललं तर पोरीची शाला बंद करील."

म्हटलं, "पोरीची चूक नाही, हे तुम्हीच त्याला आधी सांगा." हे आमच्या ठरलेल्या उत्तरांत नाही. बोलायला हवं होतं का? वाईट झालं असतं तर?

ड्युटी सुटायच्या आधी त्यांचा परत फोन आला, योगायोगाने माझ्याकडेच. भावाला सांगितलं होतं. तो पोरीजवळ जाऊन बसला.

"जेवलीस का, एवढंच इचारलं त्याने. ती रडाया लागली. आता दोघं जेवतात."

मी "बरं झालं" म्हटलं.