रिकामी की भरलेली

ग्रीनॉक,
१२ ऑक्टोबर १९८६

ती. एफीताईस,
शि. सा. न. वि. वि.

ऐल्सा शुक्रवारी तिच्या आईकडे परत गेली. चौदा महिने माझ्याकडे होती. आई आता सावरली आहे, असं मुलं सांभाळायला देणाऱ्या ऑफिसातल्या पर्डीबाई म्हणाल्या. मला आनंद व्हायला हवा. होतोय, पण अर्धाच.

जाताना पोरगी जिन्यात अडून बसली. माझी खोली कुणाला देणार नाहीस ना, असं तीनदा विचारलं. नऊ वर्षांची आहे, पण कबूल करून घेण्यात वकिलाला हार जाणार नाही. ऑफिसाने दुसरं मूल पाठवलं तर खोली द्यावीच लागेल हे मला ठाऊक, तरी नाही देणार म्हणून बसले. तू विणलेलं निळं पांघरूण तिने मुद्दाम इथेच ठेवलं. परत आले की लागेल, म्हणाली. मी तिला पत्र लिहायला शिकवलंय. शेवटी लोभ मागायचा असतो म्हटल्यावर, तो काय शेजारणीकडून साखर आणल्यासारखा मागतात का, म्हणून हसत सुटली होती.

आता माझं. मूल घरात असेल तेवढ्याच दिवसांचा भत्ता मिळतो. शुक्रवारी ती गेली, शनिवारपासून बंद. खोली मात्र कायम तयार हवी. तिच्यात दुसरं कुणी ठेवलं की यादीतून माझं नाव उडालं. दिवसभराची नोकरी धरावी तर बोलावणं येईल तेव्हा मी घरी हवी. म्हणून शाळेच्या स्वयंपाकघरात सकाळचे तीन तास, तेवढंच. दर सोमवारी पर्डीबाईंचा फोन येतो आणि त्या एकच विचारतात, रिकामी का? त्यांच्या कागदावर दोनच चौकटी आहेत, रिकामी आणि भरलेली. मी म्हणते, रिकामी. खोलीबद्दलच विचारतात, पण ऐकायला कसंतरीच वाटतं.

तुझा लोभ आहेच, या महिन्यात जरा जास्त लागेल.

तुझी,
सेंगा


टायरी,
२३ ऑक्टोबर

चि. सेंगास,
अनेक आशीर्वाद.

वाऱ्यामुळे बोट तीन दिवस बेटाला लागलीच नाही, म्हणून उत्तराला उशीर. सोबत दहा पौंडांची मनिऑर्डर आहे. परत पाठवलीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही, आणि मी न बोलता राहू शकते हे तू लहानपणी पाहिलं आहेस.

आतापर्यंत अकरा मुलं सांभाळलीस. स्वतःला सांभाळायची अक्कल कधी यायची? आपल्या बोटीवरचा इंजिनवाला डूगन आठवतो ना, बायको गेल्यापासून गप्प गप्प असतो तो? त्याला ग्रीनॉकच्या गोदीत ईस्टरपर्यंत काम मिळालंय, खोली शोधतोय. दोन महिन्यांचे पैसे आधी देईल. पिणारा नाही, गाणारा नाही. रिकाम्या पलंगाची राखण करत उपाशी बसण्यात काय पुण्य आहे, ते मला तरी कळत नाही. ऐल्सा आईपाशी सुखात आहे. तिचं तिला जगू दे, तू तुझं बघ.

जेवत जा. रागावले तरी माया तेवढीच आहे.

तुझी,
एफी


ग्रीनॉक,
७ डिसेंबर

ती. एफीताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझी मनिऑर्डर मी परत पाठवणारच होते, पण विजेच्या मीटरने ती आधीच खाल्ली.

आठ आठवडे झाले. दोनदा बोलावणं आलं. पहिल्यांदा तीन भावंडं होती, माझ्याकडे पलंग एक. दुसऱ्यांदा दोन महिन्यांचं बाळ. खालच्या मजल्यावरच्या मिसेस टोलंडकडून उसने घेऊन दुधाचे डबे आणि लंगोट आणले, आणि संध्याकाळी ऑफिसाने कळवलं की बाळ आत्याकडे गेलं. डबे दुकानदाराने परत घेतले, लंगोट नाही घेतले. आता त्या लंगोटांनीच खिडक्या पुसते.

घरभाड्याची दुसरी नोटीस आली. घरच गेलं तर खोली कुठली राखायची? म्हणून डूगनना बोलावलं. भला माणूस आहे. पहिल्याच दिवशी खिडकीत बोट चेमटून घेतलं. कडी आधी वर उचलायची, मग ओढायची. ती युक्ती ऐल्साने शोधलेली, मी त्यांना सांगितली आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. निळं पांघरूण घडी करून माझ्या पलंगाखाली ठेवलंय.

सोमवारी पर्डीबाईंनी विचारलं तेव्हा भरलेली म्हणाले. कोणी भरली, ते त्यांनी विचारलं नाही. तशी चौकटच नाही.

भाडं भरलं, नोटीस मिटली. हलकं वाटायला हवं होतं. तुझा लोभ असाच राहू दे.

तुझी,
सेंगा


ग्रीनॉक,
२१ जानेवारी १९८७

ताई,

नमस्कार वगैरे सगळा समजून घे. काल दुपारी फोन आला. ऐल्साच्या आईला परत दवाखान्यात नेलं. पोरगी ऑफिसात बाकावर बसून माझंच नाव घेत होती, दुसऱ्या कुणाकडे जाणार नाही म्हणत होती. पर्डीबाईंनी सवयीने विचारलं, रिकामी का? मग त्याच म्हणाल्या, अरे हो, भरलेली.

मी म्हटलं, ती माझ्या पलंगावर झोपेल, मी खुर्चीत बसेन. तर मुलाला स्वतंत्र खोली हवी असा नियम. डूगनना सांगितलं, तर भला माणूस जेवण अर्धं टाकून उठला आणि तासाभरात सामान घेऊन निघाला; उरलेले पैसेही घेईना. मी धावत फोनपाशी गेले, म्हटलं, बाई, रिकामी झाली, रिकामी! त्या हळू आवाजात म्हणाल्या, नाव यादीतून गेलंय, आता घराची पाहणी नव्याने, समितीची बैठक नव्याने. एप्रिलच्या आधी काही व्हायचं नाही.

ऐल्साला दूर एअर गावी नेलं, ओळख ना पाळख अशा घरी. मला भेटायलाही परवानगी लागते. खोली रिकामी आहे, पांघरूण घातलंय, हीटर लावलाय. काय करू, सांग.

सेंगा


टायरी,
२९ जानेवारी

चि. सेंगास,

आशीर्वाद द्यायला तोंड नाही. डूगनचं नाव मीच काढलं होतं. तिचं तिला जगू दे, असंही मीच लिहिलं होतं. ते वाक्य दिवसभर डोक्यात फिरतंय. तू मला बोल लाव, निदान तेवढा तरी उपयोग होऊ दे माझा.

एप्रिलपर्यंतचं भाडं मी पाठवते आहे. चार मेंढ्या विकल्या. नाही म्हणू नकोस.

तुझीच,
एफी


एअर,
३ फेब्रुवारी

प्रिय सेंगामावशी,
नमस्कार.

मी बरी आहे. आई अजून दवाखान्यात आहे. इथे कुत्रा आहे, तो मला आवडतो. हे पत्र पर्डीबाई तुझ्याकडे पोचवतील.

मी त्यांना विचारलं की मला तुझ्याकडे का नाही नेलं. त्या म्हणाल्या, तुझी खोली भरलेली होती. मी रागावलेली नाही. आधी होते, पण फक्त रविवारपर्यंत.

नवीन मुलगी केवढी आहे? लहान असेल तर तिला सांग, खिडकीची कडी आधी वर उचलायची, मग ओढायची, नाहीतर बोट चेमटतं. तिला निळं पांघरूण दे, तिथे गारठा असतो. पण एफीमावशीने माझं नाव विणलेला कोपरा पायाकडे ठेव, म्हणजे तिला वाईट वाटणार नाही.

शेवटी लोभ मागायचा असतो. सगळा तिलाच देऊ नकोस. थोडा माझ्यासाठी ठेव.

तुझी,
ऐल्सा