झिंग्याचा शनिवार

पनवेल,
रविवार, ता. २० जुलै १९५८

चि. बेला हीस,

हायमदादाचे अनेक आशीर्वाद व शालोम. वि. वि. पुण्याची हवा छान, इस्पितळातल्या बाकीच्या सिस्टरा छान, खोली छान, असं तू लिहितेस. वाचून बरं वाटलं. इथे कुणाचंच छान चाललेलं नाही, आणि त्याला कारण तुझ्या लाडक्या भाच्याचं कुत्रं.

काल शब्बाथची प्रार्थना आटोपून आम्ही सिनेगॉगमधून घरी आलो, तर माजघरभर चामड्याचे तुकडे. माझ्या खाटेखाली ठेवलेल्या तुझ्या भाच्याच्या चपला त्या झिंग्याने खाऊन टाकल्या. डावीची टाच तेवढी उरली आहे. गेल्याच आठवड्यात त्यांना तेल लावून ठेवलं होतं. चामडं पावसाळ्यात बुरशी धरतं म्हणून लावलं, दुसरं काही नाही. त्याच्या आधी माझ्या छत्रीची मूठ गेली, त्याच्या आधी जेवणाच्या टेबलाचा पाय. चांगला सागवानी पाय, आता उसाच्या चोयट्यासारखा दिसतो.

उपाय केले नाहीत असं समजू नकोस. टेबलाला मिरचीचा ठेचा फासला. तो त्याने चाटून साफ केला आणि वर पाणी प्यायला. आमच्या हिवताप खात्यातली क्विनाइनची पूड लावली, तर शिंकून दुसरा पाय धरला. छत्रीने झोडला. झोडताना छत्रीचंच कापड फाटलं. मी मारतो तेव्हा माझ्याकडे अशा नजरेने बघतो, जणू चूक माझीच आहे. कुत्रं मालकावर गेलं आहे, झालं.

आणि नाव तरी काय ठेवलं आहे शहाण्याने! जो जिन्नस आपल्या धर्मात ताटात येत नाही त्याचं नाव. मी गावोगाव सायकलने फिरतो, हा मागून पळत येतो, आणि मी म्हातारा माणूस उरणच्या रस्त्यावर झिंगा, झिंगा म्हणून ओरडत असतो. गव्हाणच्या बायका पदर तोंडाला लावून हसतात. परवा एकीने किती रुपये वाटा म्हणून विचारलं.

तर आता ऐक. दारफळणीच्या सणाच्या आत हे कुत्रं या घरातून जाणार. काशिराम ट्रकवाल्याला सांगून ठेवलं आहे. बोरघाट चढून पलीकडे सोडून येईन म्हणाला. तुझ्या सॅलीवहिनीने कालपासून माझ्याशी अबोला धरला आहे, तो तिने खुशाल धरावा.

प्रकृतीला जप. माया आहेच, ती पत्रात लिहून वाढत नाही.

तुझा,
हायमदादा


पुणे,
गुरुवार, ता. २४ जुलै १९५८

ती. हायमदादास,

बेलाचा नमस्कार व शालोम. वि. वि. तुझं पत्र वाचून इतका संताप आला की ड्यूटीवर दोन पेशंटांवर उगाच खेकसले. त्यांची माफी मागून आता तुला लिहायला बसले आहे. तुझी मागणार नाही.

कुत्र्याला घाटापलीकडे सोडायचं म्हणजे मारायचंच. तसं सरळ लिही. आणि मनासेला मी काय कळवू? पोरगा एकोणीस वर्षांचा, तिकडे इस्रायलात बीरशेबाच्या वाळूत दिवसभर विटा उचलतो. त्याच्या प्रत्येक पत्रात शेवटी एकच ओळ असते, झिंगा कसा आहे. बाबा कसे आहेत हे विचारायची त्याची छाती होत नाही, म्हणून तो कुत्र्याचं विचारतो. एवढं न कळण्याइतका तू बिनडोक नाहीस. त्याच्या बोटीला निरोप द्यायला तू गेला नाहीस. चौदा महिन्यांत एक ओळ लिहिली नाहीस. आता त्याचं म्हणून घरात जे एक उरलं आहे तेही हाकललंस, तर त्याने काय समजायचं? पुन्हा तो त्या उंबऱ्याकडे बघणार नाही, दादा. मग खाटेखाली काय वाटेल ते ठेव आणि त्याला तेल लावत बस.

आता दुसरी गोष्ट. आजवरची तुझी सगळी पत्रं काढून पाहिली. टेबल शनिवारी, छत्री शनिवारी, चपला शनिवारी. रविवार ते शुक्रवार हा प्राणी देवमाणूस असतो आणि शनिवारी त्याच्या अंगात येतं, असं कसं? शनिवारी तुम्ही त्याचं काय करता ते मला नीट कळव. आणि मारणं बंद कर. चपला खाऊन तासभर झाल्यावर पाठीत छत्री बसली, तर ती कशाबद्दल हे त्याला कळणार कसं? तुला तरी कळेल का?

सॅलीवहिनीला सांग, अबोला सोडू नकोस.

राग गेल्यावर लोभ करीन.

तुझी,
बेला


पनवेल,
रविवार, ता. ३ ऑगस्ट १९५८

चि. बेला हीस,

आशीर्वाद. उपदेश पोचला. पुण्यात बसून पनवेलचं कुत्रं वळवायला काय जातं? इथे येऊन आठ दिवस राहा म्हणजे कळेल.

शनिवारी काय करतो म्हणून विचारतेस. आपल्या घरात शनिवारी काय करतात हे तुला आता पत्राने कळवायला हवं? शुक्रवारी संध्याकाळी दिवा लागला की त्याला माझ्या खाटेला साखळीने बांधतो, तो शनिवारी चांदण्या दिसल्यावर सोडतो. मधे एकदा सॅली त्याला परसात नेऊन आणते. दहा आज्ञांत स्पष्ट आहे, त्या दिवशी घरातल्या जनावरालाही विश्रांती. आपले आजोबा घाण्याचा बैल शनिवारी खुंट्याला ठेवत, म्हणून तर गावोगाव लोक आपल्याला शनिवार तेली म्हणत आले. बैलाने कधी खुंटा खाल्ला नाही. सहा दिवस हा माझ्या सायकलमागे जासईपर्यंत मर मर धावतो. सातव्या दिवशी त्याला आराम देतो, तर त्याची ही परतफेड.

गेल्या वर्षीची दारफळणी तू पाहिली नाहीस. सगळी पनवेल ओळखते की त्या दिवशी आपली दारं बंद असतात, आपण उपाशी असतो, परक्याशी बोलत नाही. आम्ही पहाटे पांढऱ्या कपड्यांत सिनेगॉगला गेलो. याला आत दाराच्या कडीशी बांधलं होतं. रात्री येऊन बघतो तर दाराची खालची फळी खाऊन आरपार भोक पाडलेलं आणि त्यातून साहेबांचं नाक बाहेर. शेजारचा दयाराम पहार घेऊन उभा होता, त्याला वाटलं आत कोणी अडकलं आहे. दार बंद ठेवण्याच्या सणाला दारच खाल्लं. सिनेगॉगमधले लोक अजून मला त्यावरून विचारतात.

ते यंदा होणार नाही. काशिरामची खेप ठरली आहे. चपलांबद्दल तू जे लिहिलंस ते मी वाचलेलं नाही असं समज.

जपून राहा.

हायमदादा


पुणे,
सोमवार, ता. १ सप्टेंबर १९५८

ती. दादास,

नमस्कार. तुझं पत्र आलं त्याच दिवशी मनासेला लिहिलं. त्याचं उत्तर काल हाती आलं, म्हणून उशीर.

तो घरी होता तोवर झिंग्याने घरातली एक काडी तरी चावली होती का? नाही ना? मग ऐक. दर शनिवारी पहाटे, तुम्ही उठायच्या आत, मनासे त्याला घेऊन गाढी नदीच्या काठाने पायी लांबवर जाऊन येत असे. सायकल नाही, ओझं नाही, पैसा खिशात नाही. चालायला धर्माने कधी बंदी केली आहे? तुला सांगितलं नाही, कारण तू ओरडला असतास. ओरडला असतास की नाही, ते तूच सांग.

दादा, मी वीस वर्षं पेशंट सांभाळते. धडधाकट माणसाला पलंगाला बांधून घातलं तर तो चादर फाडतो. तुझा बैल आठवडाभर जोखडाखाली दमलेला असे, त्याला खुंटा म्हणजे सुख. हे कुत्रं धावण्यासाठीच जन्माला आलं आहे. तुझ्यामागे धावणं हे त्याचं काम नव्हेच, ती त्याची चैन आहे. चैनीच्या दिवशी तू त्याला साखळी घालतोस आणि वर आज्ञेचा हवाला देतोस. विश्रांती म्हणजे बेडी, असं तुला प्रार्थना चालवणाऱ्या कुठल्या खजानने शिकवलं? मला खरोखर चीड येते.

तेव्हा शनिवारी पहाटे त्याला पायी फिरवून आण. परत आला की नारळाचं अख्खं सोडण पुढ्यात टाक, दात त्याच्यावर चालू देत. ते चावेल तेव्हा पाठीवर हात फिरव. दुसरं काही तोंडात धरलं तर ओरडू नकोस, ते काढून सोडण दे. आणि खाटेला बांधू नकोस. हे करून बघ, आणि मग काय ते काशिरामला सांग. आधी सांगितलंस तर मी तुझ्या दारात पाऊल ठेवणार नाही, मग दाराला भोक असो की नसो.

तुझी (नाइलाजाने),
बेला


पनवेल,
रविवार, ता. १४ सप्टेंबर १९५८

चि. बेला हीस,

आशीर्वाद. उद्या नव्या वर्षाचा सण, घरात गडबड आहे, म्हणून चारच ओळी. दोन शनिवार नेलं. काल पाऊस होता तरी नेलं, आणि भिजलो. काही चावलं नाही. सोडणाचा भुगा घरभर करतो आणि सॅली तो हसत हसत झाडते. ती माझ्याशी बोलू लागली आहे, आणि बोलते ते सगळं कुत्र्याबद्दल.

दोन शनिवारांनी काही सिद्ध होत नाही. दारफळणी अजून व्हायची आहे. तो दिवसच्या दिवस आम्ही घरी नसतो. काशिरामला मी नको म्हटलेलं नाही, थांब म्हटलं आहे. शिवाय बापाच्या घरातून पोरगा दर शनिवारी चोरून बाहेर पडत होता आणि सगळ्या खानदानाला ते माहीत होतं, ही गोष्ट मी विसरणार नाही.

नव्या वर्षाचे आशीर्वाद.

हायमदादा


पनवेल,
गुरुवार, ता. २५ सप्टेंबर १९५८, दारफळणीचा दुसरा दिवस, शिळा सण

चि. मनासे यास,

तुझ्या बापाचे आशीर्वाद. वि. वि. हे पत्र पाहून तुझी आई गेली की काय असं वाटून घाबरू नकोस. सगळे जिवंत आहेत. मी तुझ्यावर रागावलेलो आहे, तेव्हा नीट बसून वाच.

काल दारफळणी झाली. पहाटे अंधारातच तुझ्या झिंग्याला फिरवून आणलं, सोडण दिलं, मोकळं ठेवलं आणि आम्ही सिनेगॉगला गेलो. दुपारपर्यंत माझं प्रार्थनेत लक्ष लागेना. सारखं डोळ्यांपुढे ते दार. मनात आलं, यंदाही दार शाबूत राहिलं नाही तर काशिराम आहेच, आणि मग बेला तुला ते कळवणार. दुपारच्या वेळी मी उठलो. मंडळींनी कुठे म्हणून विचारलं. घरी कोंडलेल्या जिवाकडे जातो म्हणून सांगितलं. दारफळणीला मधेच उठून रस्त्याने जातात का, असं थोरल्यांपैकी दोघे म्हणाले. आज्ञा मला पाठ आहेत, असं मी त्यांना जरा मोठ्याने सांगितलं. सिनेगॉगमध्ये इतक्या मोठ्याने बोलायला नको होतं.

घरी येऊन दार उघडलं. त्याने काही खाल्लं नव्हतं. दाराला नाक लावून बसला होता. पांढऱ्या कपड्यांत, त्या दिवशी कातडं पायात घालायचं नाही म्हणून अनवाणी, उपाशीपोटी त्याला गाढीवर नेलं. लोक बघत होते. तिथे एक बगळा उठला आणि हा त्याच्यामागे जो सुटला तो पार पलीकडच्या बांधापर्यंत. मी हाका मारल्या. दारफळणीच्या दिवशी, कोरड्या तोंडाने, झिंगा, झिंगा. ढुंकून पाहिलं नाही. पायात बाभळीचा काटा गेला, खाली बसलो. वाटलं, हाही गेला.

मग माझ्या तोंडून तुझं नाव निघालं. घरात सोळा महिने मी ते घेतलं नव्हतं, आणि तिथे नदीवर मनासे म्हणून ओरडलो. ते कुत्रं जागच्या जागी थांबलं. कान उभे केले आणि सुसाट माझ्याकडे आलं. पण माझ्यापाशी थांबलं नाही. माझ्या मागे जाऊन उभं राहिलं आणि वाटेकडे बघत बसलं.

मीही वळून पाहिलं. पंचावन्न वर्षांचा माणूस.

पाय सुजला आहे. तुझ्या आईने सकाळी सुईने काटा काढला. त्यामुळे येत्या शनिवारी मला चालवणार नाही, दयारामला विनवावं लागेल. कुत्रं कुठे जाणार नाही. काशिरामला सकाळीच निरोप धाडला. तुझा राग मनात आहे तो आहे, त्यात बदल झालेला नाही. यापुढे झिंग्याची खुशाली बेलाला विचारू नकोस. मला विचार, आणि पत्र बापाच्या नावाने घाल.

परत कधी येतोस?

तुझा बाप,
हायम